भीमेच्या पुलावर सोडलेला पट्टा

माझ्या उजव्या मनगटाचं हाड थोडं वर आलंय. बांगडी भरायला बसले की तिथंच अडकते आणि कासारीण विचारते, हे काय झालं हो? मी सांगते, गाडीला ब्रेक लागला तेव्हा मोडलं. हे खोटं न्हाई. पण सगळं खरंही न्हाई. सगळं खरं मी एकदाच बोलले, भीमेच्या पल्याड, सुनेच्या माहेरच्या ओसरीवर. आता लिहून ठेवते. शाळेत मी दोन वर्षं गेलेली बाई. पुढचं वाचायला शिकले ते पोराच्या पुस्तकातून; तो मोठ्यानं वाचायचा आणि मी भाकरी थापता थापता अक्षरं बघायची. त्यामुळं लिहायला बसले की बोलल्यासारखंच येतं. ते तसंच राहू द्या.

आमचं गाव खटकचिंचोळीच्या जवळ. पोरगा गुलबर्ग्याला नोकरीला. आता कलबुर्गी म्हणायचं, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. सून तिथंच एका दवाखान्यात नर्स आहे, लहान लेकरांच्या वॉर्डात. त्यांना एकच मुलगी, अडीच-तीन वर्षांची. दिवाळीला ती तिघं गावाकडं आली, तेव्हा गाडीत मागच्या बाजूला एक खुर्ची बसवून आणली होती आणि त्या खुर्चीत माझी नात पट्ट्यांनी आवळून बसवली होती. दोन पट्टे खांद्यावरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांच्या मधून, आणि सगळे येऊन पोटाखाली एका लाल बटणाच्या कुलपात अडकायचे.

माझी धाकटी जाऊ अंगणात सडा टाकत होती. बादली तशीच ठेवून गाडीपाशी आली.

"काय गं बाई, लेकराला बांधून आणलाव का काय? चोरी केलीय का तिनं?"

"बांधली न्हाई, बसवली," सून हसत म्हणाली.

"आमची लेकरं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून वाढली. त्यांना काय झालंय?"

"धाकल्या आत्या, जी वाढली तीच सांगायल्यात. जी न्हाई वाढली ती सांगायला कुठं यायलीत?"

जाऊ बादली उचलून परत सड्याला लागली. सून हसतच बोलली होती, पण ते बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

त्या चार दिवसांत तिनं मला ते कुलूप लावायला शिकवलं. "आत्या, ही दोन टोकं एकावर एक धरायची आन् खाली दाबायची. टक वाजलं पाहिजे. टक न्हाई तर पट्टा न्हाई." मग पायापाशी एक पट्टी लोंबत असते, ती ओढली की खांद्यावरचे पट्टे ताणतात. "आता खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. आला चिमटीत? म्हणजे ढिला हाय. आणखी ओढा." मी ओढलं. चिमटीत काही येईना, तेव्हा म्हणाली, "आता बरोबर."

मी नातीसाठी एक लहान वाकळ शिवली होती. माझ्याच जुन्या लुगड्यांचे सात थर, बारीक धावदोरा, कडेला लाल काठ. तुम्ही गोधडी म्हणता तीच. खुर्ची टणक दिसली म्हणून मी ती खाली अंथरली. सुनेनं लगेच काढून माझ्या हातात दिली.

"अंगाखाली जाड काही नको, आत्या. मग पट्टा वाकळीला घट्ट बसतो, लेकराला न्हाई. ब्रेक लागला की वाकळ दबती आन् लेकरू पट्ट्यातून निसटतं. वरून पांघरा पाहिजे तर, पट्टा लावल्यावर."

मला लागलं. महिनाभर डोळे फोडून शिवलेली वस्तू. मी म्हणाले, "आमच्या मांडीवर असले कुलूप-पट्टे नव्हते. मांडीसारखी जागा हाय का कुठं?"

ती म्हणाली, "तुमची मांडी चांगलीच हाय, आत्या. पण गाडी थांबती तेव्हा मांडीवरचं लेकरू थांबत न्हाई. कितीही घट्ट धरा, हातातून जातं. आमच्याकडं एक लेकरू आणलं होतं. आईच्या मांडीवर होतं ते." एवढं बोलून ती भांडी आवरायला उठली. पुढं काय झालं ते मी विचारलं न्हाई.

आता जावळाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. नातीचं जावळ तिसऱ्या वर्षी काढायचं ठरलं होतं. आमच्यात लेकराला मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस उतरवतात. मामाचं गाव अफजलपूरच्या पुढं, भीमा ओलांडून. आणि आमच्या घरात एक नेम आहे. ज्याचं जावळ अजून उतरलं न्हाई अशा लेकराला नदी ओलांडताना घरातल्या थोरल्या बाईनं मांडीवर घ्यायचं, डोक्यावर आपला पदर टाकायचा आणि नदीत सुपारी-पैसा सोडायचा. जावळ उतरलं की नेम सुटला.

तुम्ही म्हणाल, म्हातारीचं खूळ. मीही म्हटलं असतं. पण माझं पहिलं लेकरू आठ महिन्यांचं होऊन गेलं. तापानं गेलं. डॉक्टर न्हाई, गाडी न्हाई, दोन दिवसांत गेलं. आणि तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली, "मांजरा नदी ओलांडताना पदर टाकला न्हाईस तू." तापानं गेलं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते वाक्य माझ्या अंगात राहिलं. पुढं हा पोरगा झाला. त्याला घेऊन बैलगाडीतून मांजरा ओलांडली, तेव्हा चाकाच्या आसापर्यंत पाणी होतं. मी त्याला मांडीवर असा दाबून धरला होता की पल्याड जाईपर्यंत त्याच्या दंडावर माझी बोटं उमटली. तो जगला. आता मला कोण सांगणार की पदरानं न्हाई जगला?

जावळाच्या दोन दिवस आधी मी बसनं गुलबर्ग्याला आले. सुनेला नेम सांगितला. वाटलं, चिडेल. चिडली न्हाई.

"घ्या की मांडीवर. पण चालत्या गाडीत न्हाई. पुलाच्या अलीकडं गाडी थांबवू, तुम्ही खाली उतरा, तिला घेऊन चालत पूल ओलांडा पाहिजे तर. मी संगं येते."

इतकं सरळ होतं ते. मी व्हय म्हणाले.

निघायच्या दिवशी सून रात्रपाळी करून सकाळी घरी आली, अंघोळ केली आणि तशीच गाडीत बसली. पुढं, पोराच्या शेजारी. नातीला तिनंच खुर्चीत बसवलं, पट्टे ओढून चिमटी घेऊन बघितली. मी नातीच्या शेजारी. पायापाशी माझी पिशवी, पिशवीत ओटीचं सामान आणि ती वाकळ. मला सून म्हणाली, "आत्या, तुमचा पण पट्टा." मी लावला, आणि गाव सुटल्यावर पोटाला काचतो म्हणून हळूच काढला.

अफजलपूर येईपर्यंत सून गाढ झोपली होती. मान एका बाजूला, तोंड जरा उघडं. पुढचा रस्ता म्हणजे ऊसच ऊस. हंगाम ऐन भरात होता. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे वाढे रस्त्यापर्यंत लोंबलेले, मागं दिवा न्हाई की लाल फडकं न्हाई.

पूल दिसायला लागला. मी पुढं वाकून हळू आवाजात म्हणाले, "बाळा, थांबीव. उतरते मी."

त्यानं आरशात बघितलं. "मागं लॉरी चिकटलीय, माय. बाजूला जागा बी न्हाई. येताना उतरू की."

"येताना कशाला? येताना जावळ उतरलेलं असतंय."

"मग काय करू?"

"हळू चालीव. मी घेते मांडीवर. पूल संपला की बसवते परत."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती झोपलेली. "लवकर कर," तो म्हणाला. "उठली तर तुला काही म्हणायची न्हाई, मला खाईल."

मी लाल बटण दाबलं. खांद्याचे पट्टे ढिले केले. नात खूश. "आज्जी, सुटलं!" मी ओठावर बोट ठेवलं. तिला उचलून मांडीवर घेतलं, पदर तिच्या डोक्यावरून ओढला, काच थोडी खाली केली आणि सुपारी-पैसा बाहेर टाकला. खाली पाणी बरंच होतं, हिरवट, संथ. मागं लॉरीवाला हॉर्न वाजवायला लागला होता. आणि खरं सांगते, त्या घडीला माझं काळीज इतकं निवांत झालं होतं, जसं सासूचं इतक्या वर्षांचं बोलणं एकदाचं ऐकून झालं.

पूल अर्ध्यावर आला तशी मी तिला परत बसवायला लागले. ती बसेना. लाकडासारखी ताठ झाली. ज्यांनी लेकरं सांभाळलीत त्यांना ठाऊक आहे, ताठ झालेलं लेकरू कशातच वाकत न्हाई. रडायला तोंड वाकडं केलं. रडली तर सून उठणार. मी पिशवीतून वाकळ काढली. "ही बघ तुझी वाकळ. हिच्यावर बसतीस? आज्जीनं केलीय, मऊ मऊ." बसली. मी वाकळ तिच्या पाठीमागून, खालून, सगळीकडून सारखी केली. पट्ट्यांची दोन टोकं एकावर एक धरली आणि कुलपात दाबली. पुलाच्या सांध्यांवरून चाकं जात होती, टक, टक, टक. त्यातलंच एक टक मी माझं धरलं.

"लावला का, माय?" पोरानं विचारलं.

"लावला."

पायापाशीची पट्टी ओढायची राहिली. चिमटी घ्यायची राहिली. वाकळीची लाल कड कुलपाच्या तोंडात अडकली होती, ते मला नंतर कडेवर पडलेल्या वळावरून कळलं.

पूल संपला. लॉरी आम्हाला मागं टाकून पुढं गेली. पोरानं गाडीचा वेग जरासा वाढवला, जरासाच. डावीकडं उसाच्या फडातून एक कच्ची वाट रस्त्याला येते. त्या वाटेनं ट्रॅक्टर आला, डावं-उजवं न बघता, आणि रस्त्यावर आडवा झाला.

पोरगा ओरडला न्हाई. नुसता ब्रेक. टायरांचा आवाज. मी पुढच्या सीटवर आदळले. आदळता आदळता मला दिसलं की नात पट्ट्यांच्या खालून, वाकळीसकट, घसरत पुढं यायली. मी हात घातला. कसा घातला सांगता येणार न्हाई. तिचं कपाळ आणि पुढच्या सीटची पाठ, त्याच्या मधी माझा हात आला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो माझ्या हाताचा होता की तिचा कशाचा, हे मला कळलं न्हाई.

गाडी ट्रॉलीच्या अलीकडं हातभर थांबली होती.

नात रडत नव्हती. खाली दोन सीटांच्या मधी पडली होती, डोळे उघडे, तोंडातून रक्त. रडत नव्हती. मी किती वेळ बघत होते देव जाणे. तुम्ही म्हणाल चार-पाच क्षण. मला विचारा. मग तिनं श्वास ओढला आणि असा टाहो फोडला की मला त्याच्याइतकं गोड काही कधी ऐकू आलं न्हाई.

सून दार उघडून मागं आली होती. "हात लावू नका. कुणी उचलू नका." तिचा आवाज घरातला नव्हता, दवाखान्यातला होता. मान चाचपली, डोळ्यांत बघितलं, हातपाय हलवायला लावले, तोंड उघडून जीभ बघितली. बाहेरून ट्रॅक्टरवाला काचेत डोकावत होता, घामानं भिजलेला. "एन आयतु, अव्वा? काय झालं? लागलं का लेकराला?" पोरगा त्याच्या अंगावर धावला आणि अर्ध्यात थांबला. उगाच थांबला न्हाई तो.

मग सुनेनं खुर्चीकडं बघितलं. पट्टे मोकळे लोंबत होते.

"पट्टा सुटला कसा?"

पोरानं माझ्याकडं बघितलं. वाकळ खाली पडली होती. मी ती डाव्या हातानं ओढली आणि नातीच्या अंगावर टाकली. थंडी वाजेल म्हणून न्हाई. सुनेला ती खुर्चीपाशी दिसू नये म्हणून. मग म्हणाले, "माझा हात," आणि सुनेचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. मनगट सुजून वाकडं झालं होतं.

आम्ही गाडी परत फिरवून अफजलपूरला दवाखान्यात गेलो. तोच पूल परत ओलांडला. या खेपेला नात सुनेच्या मांडीवर होती. त्या खुर्चीवरचा तिचा भरवसाच उडाला होता. मी पुढं बसले होते. पदर टाकायचं मला सुचलंही न्हाई.

नातीच्या ओठाला आतून दोन टाके. कपाळावर टेंगूळ. एक दिवस लक्ष ठेवा म्हणाले. मला प्लास्टर.

मामाच्या घरी पोचलो तर अंगण भरलेलं. माझ्या विहीणबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आधी नातीवरून, मग माझ्यावरून. म्हणाल्या, "तुमच्या या हाताला सोन्याचं कडं घातलं तरी कमीच हाय." मामा, म्हणजे सुनेचा थोरला भाऊ, तापट माणूस. त्यानं गाडीतून खुर्ची ओढून काढली आणि अंगणात आपटली.

"ही काय कामाची? म्हणे परदेशातल्यासारखी सेफ्टी! आज्जीचा हात होता म्हणून पोरगी हाय. टाका भंगारात."

"अण्णा, आपटू नको," सून म्हणाली. पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता.

जावळ एक दिवस पुढं ढकललं. त्या दिवशी दुपारभर सून अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची घेऊन बसली होती. टोकं एकावर एक धरायची, दाबायची. टक. बटण दाबून सोडायची. परत टक. ओसरीवर मला जेवायला वाढलं होतं, विहीणबाई स्वतःच्या हातानं घास भरवत होत्या, कारण माझा हात गळ्यात. प्रत्येक घासाला तिकडून टक. पुढच्या घासाला मी डावा हात आडवा केला.

"अगं जेव की," विहीणबाईंनी लेकीला हाक मारली.

"वाजतंय गं आई. दर वेळी वाजतंय. मग त्या वेळी कामून सुटलं?" मग खाली बघून म्हणाली, "मीच झोपेत बसवली असंल. रात्रपाळी करून आले होते. मीच नीट लावला नसंल."

पोरगा मला गोठ्यापाशी भेटला. "माय, काही बोलू नको. जावळाच्या घरात तमाशा नको. पोरगी बरी हाय, झालं ते झालं."

"ती स्वतःला दोष द्यायलीय रे."

"मी सांगतो तिला. घरी गेल्यावर."

जावळ झालं. टेंगळाच्या बाजूनं न्हाव्यानं वस्तरा इतका हळू फिरवला की सगळे श्वास धरून बसले होते. मामाच्या मांडीवर नात टकलं डोकं घेऊन हसली, टाके ताणले म्हणून लगेच रडली. सगळ्या बाया माझ्या पाया पडल्या. एकीनं तर आपलं तान्हं माझ्या डाव्या हातात दिलं, म्हणाली, "तुमचा हात लागू द्या." मी ते तान्हं घेतलं. त्या वेळी माझ्या तोंडाची चव कशी झाली होती, ते अजून आठवतं.

निघायची सकाळ आली. मामानं खुर्ची तुरीच्या पोत्यांवर टाकून ठेवली होती, कोठीत. गाडीत मागं सून बसली, नातीला मांडीवर घेऊन. मामा सांगत होता, "असंच घट्ट धर. भाऊजी, सावकाश जावा. आज्जी शेजारी हायच की, काही झालं तर हात घालतील." सगळे हसले. विहीणबाई ओसरीवर माझी ओटी भरायला बसल्या होत्या. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं एक. मला गाडीच्या उघड्या दारातून दिसत होतं, सुनेनं नातीच्या पोटाभोवती दोन्ही हात गुंफले होते. जसे मी मांजरेत गुंफले होते, तसेच. घरापर्यंत दीडशे वळणं, चार चौक, किती फडांच्या वाटा. आणि काही झालं तर माझा हात प्लास्टरमधी.

ओटीत तांदूळ पडत होते. मी म्हणाले, "थांबा."

"काय झालं, विहीणबाई?"

"तो पट्टा खराब नव्हता. पट्टा मी सोडला होता. पुलावर." आवाज बारीक निघाला, म्हणून परत बोलले, मोठ्यानं, गाडीपर्यंत जाईल असं. "पुलावर मी तिला मांडीवर घेतली. परत बसवली, ती वाकळीवर. कुलूप लागलं न्हाई. लागलं म्हणून मी सांगितलं. तू झोपली होतीस, पोरी. तू लावलेला पट्टा घट्टच होता."

विहीणबाईंची तांदळाची मूठ तशीच राहिली. मामा म्हणाला, "आज्जी, काय बोलायलात?" मग त्यानं आपल्या भाऊजींकडं बघितलं, आणि माझा पोरगा पायातल्या चपलेकडं बघत होता.

सून गाडीतून उतरली. नात तिच्या कडेवर. ओसरीच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली.

"वाकळ खाली होती?"

"खाली. मागं बी."

"टक वाजलं होतं?"

"पुलाचं वाजलं होतं."

ती नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला ठाऊक होतं."

तो म्हणाला, "बसवली असं मला वाटलं होतं."

"सोडली होती हे तर ठाऊक होतं न्हवं? अख्खी दुपार मी तिथं लिंबाखाली..." तिचे डोळे कोरडे होते. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मला वाटलं, आता ती मला बोलेल. मी तयार होते. ती सरळ कोठीत गेली, खुर्ची काढून आणली, पदरानं तुरीची धूळ झटकली. उलटी करून कुठं तडा गेलाय का बघितलं, प्रत्येक पट्टा बोटांतून ओढून बघितला. "धडक झाली असती तर ही परत वापरता आली नसती," ती कुणाकडंच न बघता म्हणाली. "नुसता ब्रेक होता. चालती." गाडीत खुर्ची बसवली, गुडघ्यानं दाबून, गाडीचा पट्टा ताणून. हलवून बघितली. मग नातीला आत ठेवलं, पट्टे खांद्यावर घेतले, आणि बाजूला झाली.

"आत्या, या."

मी गेले.

"लावा."

"माझा हात..."

"डाव्यानं लावा."

अख्खं घर अंगणात उभं राहून बघत होतं. जिच्या हाताला सोन्याचं कडं घालायचं होतं ती बाई डाव्या हातानं दोन टोकं जुळवत होती. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा तिरकी बसली, वाजली न्हाई. नात म्हणाली, "आज्जीला येत न्हाई." कुणी हसलं न्हाई. तिसऱ्यांदा मी टोकं प्लास्टरच्या कडेला टेकवली आणि अंगठ्यानं दाबली. टक.

"ओढून बघा."

ओढलं. सुटलं न्हाई. पायापाशीची पट्टी ओढली. सांगायच्या आत चिमटी घेतली. काही आलं न्हाई.

"आता तुमचा," ती म्हणाली. माझा पट्टा तिनं लावला, कारण मला तो डाव्या हातानं पोचत नव्हता. लावताना तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापाशी आला होता. मी म्हणाले, "पोरी, चुकलं." ती म्हणाली, "वाकळ द्या." मी पिशवीतून काढून दिली. तिनं ती नातीच्या पायांवर पांघरली, पट्ट्यांच्या वरून, आणि पुढं जाऊन बसली. मला तिनं मागंच बसवलं होतं, नातीच्या शेजारी. दुसरं कुणी असतं तर बसवलं नसतं.

त्या कच्च्या वाटेपाशी पोरानं गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न वाजवायला लागले. मग पूल आला. जावळ उतरलं होतं, नेम सुटला होता, मला काही करायचं राहिलं नव्हतं. तरी चाकं पहिल्या सांध्यावर टक वाजली आणि माझा डावा हात आपोआप उचलला गेला, पदराकडं.

समोर उन्हासाठी खाली पाडायची झाप असते, तिच्यात एक लहान आरसा असतो. सून त्या आरशातून मागं बघत होती. रात्रभर ती झोपली नव्हती, डोळे लाल होते, पण पूल संपेपर्यंत तिनं पापणी हलवली न्हाई. मी हात मांडीवर ठेवला, दिसेल असा, आणि तसाच ठेवला.